मास्कच्या आतला वास

"कोनं कांदा फोडला बे इथं? सकाळी सकाळी भेळ करून राहिले का कोणी?"

स्विमिंग पूलच्या काठावर टॉवेल पिळत उभे असलेले एक काका त्यांच्या सोबत्याला म्हणाले. सोबत्याने नाक वर करून दोनदा हुंगलं. "हो ना गा. चांगलाच तेज आहे." दोघं हसले आणि चपला फटफटवत कपडे बदलायच्या खोलीकडे निघून गेले.

मी त्यांच्यापासून चार पावलांवर बसले होते. पाठीवर हवेचं सिलिंडर, कपाळावर मास्क, पाय पाण्यात. मी हसले नाही. कारण तो वास मलाही येत होता आणि तो कुठून येतोय तेही कळत होतं. माझ्या डाव्या हाताला माझा मोठा भाऊ बसला होता. वास त्याच्या बाजूने येत होता... आणि ज्याला तो येत नव्हता असा तिथे बहुधा तोच एकटा होता.

सुरुवातीपासून सांगते. या सदरातले अनुभव मी तीन-चार वर्षं वाचतेय, लिहायचं धाडस पहिल्यांदाच करतेय. खरं सांगायचं तर विश्वास ठेवून कधीच वाचले नाहीत. वाचता वाचता माझ्या डोक्यात साधी कारणं तयार व्हायची — उंदीर असेल, वायरिंग असेल, ताप असेल. माझ्या स्वतःच्या बाबतीतही मी अशीच कारणं लावून पाहिली. पुरली नाहीत, म्हणून लिहितेय. नावं बदलली आहेत.

आम्ही नागपूरचे. सक्करदरा तलावापासून चालत सात-आठ मिनिटांवर आमचा फ्लॅट, दुसऱ्या मजल्यावर. घरात आई, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले बाबा, अनिकेतदादा, मी आणि गेल्या वर्षी फेब्रुवारीत लग्न होऊन आलेली तेजूवहिनी. मी एका शाळेच्या लायब्ररीत काम करते. इंग्रजी शाळेत शिकलेली घरात मी एकटीच. दादा इंजिनिअर आहे, त्यालाही सगळं येतं, पण कुठलाही फॉर्म आला की "रेवा भरेल" ही आमच्या घरातली जुनी सवय. बँकेचे, पासपोर्टचे, गॅसचे सगळे फॉर्म मीच भरते. दादाच्या लग्नाचा बायोडाटाही मीच टाइप केला होता.

वहिनी नाशिकजवळच्या एका गावची. माहेरी कांद्याची शेती. पोहायला विहिरीत शिकली, तेही भावांच्या आधी. तिला लग्नाच्या आधीपासून एक गोष्ट करायची होती — स्कूबा डायव्हिंग. समुद्राच्या तळाशी जाऊन कोरल रीफ जवळून बघायची. तिच्या फोनच्या स्क्रीनवरसुद्धा जांभळ्या पोवळ्यांचा फोटो होता. शेवटी ठरलं: दिवाळीनंतर अंदमान.

"पाण्याखाली काय पाहाचं आहे?" बाबा म्हणाले. "सक्करदऱ्यात मार बुडी. चार चपला दिसतील, फुकटात."

"बाबा, चपलांमध्ये मासे फिरत नाहीत हो," वहिनी म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "आणि रेवापण येणार. पाण्याखाली बोलावं लागत नाही, सगळं खुणांनी. हा खेळ तुझ्यासाठीच काढलाय बघ."

मला फार बरं वाटलं होतं. लग्न होऊन आलेली मुलगी नवऱ्यासोबतच्या पहिल्या मोठ्या ट्रिपमध्ये नणंदेला धरते, असं कुठे होतं?

आता ती गोष्ट, जी वहिनीला माहीत नव्हती.

दादाला आठवीपासून दहावीपर्यंत फिट्स यायच्या. मी तेव्हा आठ ते दहा वर्षांची. बाबांची मोठी बहीण, शालूआत्या, आमच्याकडेच राहायची. दादा खाली पडला की ती ओरडायची, "रेवा, कांदा!" मी धावत टोपलीतून कांदा आणायचे, ती ओट्यावर ठेवून एका बुक्कीत फोडायची आणि दादाच्या नाकाशी धरायची. याचा काही उपयोग नसतो, नुसतं कुशीवर वळवायचं असतं, हे आम्हाला डॉक्टरांनी नंतर सांगितलं. पण माझ्या डोक्यात फोडलेल्या कांद्याचा वास आणि दादाचे वर गेलेले डोळे एकमेकांना चिकटून बसले ते बसलेच. पुढे गोळ्यांनी फिट्स थांबल्या, मग काही वर्षांनी गोळ्याही थांबल्या. दादाने मात्र तेव्हापासून कांदा सोडला. तर्री-पोह्यावरचा कच्चा कांदासुद्धा तो बोटाने बाजूला सारतो. वहिनीला याचं फार हसू यायचं. "कांदेवाल्याचा जावई आणि कांदा खात नाही! पप्पांना सांगू तरी कसं?"

शालूआत्या पाच वर्षांपूर्वी गेली. जायच्या आधी काही महिने ती बाबांना म्हणाली होती, मी ऐकलं होतं — "याचं लगन जुळवसान तं पोरीले आधी सांगजा." बाबा "हो" म्हणाले होते. मग बायोडाटा टाइप करताना मी विचारलं, तर म्हणाले, "एवढ्या जुन्या गोष्टी कोणी लिहिते का वं? पोरगा धडधाकट आहे." मी लिहिलं नाही.

फॉर्म आला तो ऑगस्टमध्ये. अंदमानच्या डायव्हिंग सेंटरने प्रत्येकासाठी तब्येतीची प्रश्नावली पाठवली होती. रविवारची दुपार. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, एका बाजूला गवारीच्या शेंगा मोडत बसलेली वहिनी, दुसऱ्या बाजूला दादा. मी प्रश्न मोठ्याने वाचायची आणि वहिनीच तिघांच्या वतीने "नो!" म्हणायची, खेळ असल्यासारखी. हृदयविकार? नो! दमा? नो! कानाचं ऑपरेशन? नो! माझा आणि वहिनीचा फॉर्म झाला. दादाचा उघडला.

सातवा-आठवा प्रश्न आला. कधी शुद्ध हरपणे, फिट्स, झटके. हा मी मोठ्याने वाचला नाही.

खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की उत्तर "येस" असेल तर आपल्या डॉक्टरची सही आणा. एवढंच. कोणी जाऊच नका म्हणत नव्हतं... नुसती सही. पण डॉक्टर म्हणजे जुनी फाइल, आणि फाइल म्हणजे वहिनी. मी दादाकडे पाहिलं. तो टीव्हीकडे बघत होता. टीव्ही बंद होता.

मी "नो" वर क्लिक केलं.

वहिनीचे हात थांबले. "अगं... कांदा?" तिने नाक वर केलं. "रेवा, वास येतोय ना? ताजा आहे. लाल कांदा. आणि सुरीने कापलेला नाही हं, बुक्कीने फोडलेला. चेचला की वेगळाच वास सुटतो त्याला."

वास मलाही येत होता. अगदी जवळून, डोळ्यांत पाणी येईल इतका.

इथे एक सांगायला हवं. आई चातुर्मास पाळते. कांदेनवमीला भजी होतात, त्या दिवशी टोपली रिकामी होते, आणि मग कार्तिकी एकादशीपर्यंत घरात कांद्याचं सालसुद्धा नसतं. त्या दुपारी पावसामुळे खिडक्या बंद होत्या. खालचे शेजारी कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचा व्यापार करतात, ते कुटुंबासह गावाला गेले होते, घराला कुलूप. वरती गच्ची.

आई आतल्या खोलीतून तरातरा आली. "तेजश्री, घरात कांदा आणला का वं तू?"

"नाही हो आई."

"असं कसं नाही? मले आतपर्यंत वास येऊन राहिला. तुमच्या नाशकाकडं कांद्याबिगर घास उतरत नाही, माहीत आहे मले. पण चार महिन्याची तं गोष्ट आहे! तेवढंही होत नाही काहून?"

वहिनीचा चेहरा लाल झाला. हातात गवारीची शेंग तशीच. "खरंच नाही आणला. शपथ."

"कसला वास?" दादा म्हणाला. "मला तर काहीच येत नाही."

आईने त्याच्याकडे पाहिलं आणि तिचं पुढचं वाक्य तोंडातच राहिलं. ती वळून आत गेली. वहिनीला वाटलं, आईंचा राग अजून आहे. मला तसं वाटलं नाही. आई घाबरली होती.

मी त्या दिवशी घर पालथं घातलं. वहिनीच्या माहेरून आलेल्या पिशव्या, फ्रीज, ओट्याखालची जागा, दादाची ऑफिसची बॅग. काही नाही. मग शांत बसून इंटरनेटवर वाचलं — पाण्याखाली फिट आली तर तोंडातला रेग्युलेटर, म्हणजे हवेची नळी, सुटते. माणूस खाली ओरडू शकत नाही. त्यापुढचं वाचलं नाही.

अंदमानला जाण्याआधीचा, नागपुरातलाच पूलवरचा सराव सप्टेंबरच्या शेवटी, शनिवारी सकाळी सात वाजता सुरू झाला. शिकवणारे बावणे सर नौदलातून निवृत्त झालेले, साठीचे, आवाज पूलच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा. त्यांनी आमचे फॉर्म मोबाइलवर पाहिले. "नो, नो, नो... वा! तीन तगडे घोडे आले म्हणायचे." मग खुणा शिकवल्या. अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ म्हणजे ठीक आहे. अंगठा वर म्हणजे "छान" नाही, "वर चला". हाताचा पंजा आडवा हलवला म्हणजे काहीतरी गडबड.

त्यानंतरच त्या काकांचं ते वाक्य. मी सुरुवातीला सांगितलं ते.

आम्ही पाण्यात उतरलो. तळाशी गुडघ्यांवर, गोलात. समोर दादा. मी तोंडाने श्वास घेत होते, सरांनी सांगितल्याप्रमाणे, हळूहळू. आणि मास्कच्या आत... नाक पूर्ण बंद, चारी बाजूंनी पाणी, आणि आत फोडलेल्या कांद्याचा वास. इतका, की डोळे चुरचुरले. वर कशी आले ते मला आठवत नाही. खोकत होते, नाकातोंडात पाणी.

"काय झालं बेटा?"

"वास येतोय."

"कशाचा?"

"कांद्याचा."

सर मोठ्याने हसले. "अगं, मास्कमध्ये नाक बंद असते. श्वास तोंडानं चालू. वास येणार कुठून?" असं म्हणत त्यांनी माझ्या हातातून मास्क घेतला आणि गंमत म्हणून नाकाला लावला.

त्यांचं हसू थांबलं. त्यांनी मास्क पाण्यात बुचकळला, झटकला, पुन्हा नाकाशी नेला. मग तो लांब, भिंतीपाशी नेऊन ठेवला आणि स्वतःचा मास्क माझ्या हातात दिला. "घे, हा घाल." सराव संपल्यावर सामान भरताना त्यांनी तो पहिला मास्क दोन बोटांत धरून वेगळ्या पिशवीत टाकला, ते मी पाहिलं. मला काही विचारलं नाही. मीही नाही.

परत येताना वहिनी तिच्या गाडीवर पुढे गेली, मी दादाच्या मागे बसले. तोंड उघडायला मला तीन सिग्नल लागले.

"दादा, तो फॉर्म बदलूया का?"

"कोणता?"

"तुला माहीत आहे कोणता."

"तेरा वर्षं झाली यार रेवा. तेरा. तिला किती एक्साइटमेंट आहे पाहिलं ना तू? ट्रिपनंतर मी स्वतः सांगतो. प्रॉमिस." सिग्नल सुटला. गाडी पुढे काढत तो हसून म्हणाला, "तू काही बोलू नको हं. म्हणजे... तू तशीही कुठं बोलतेस."

त्याला टोमणा मारायचा नव्हता. पण मला लागलं, कारण खरं होतं. शाळेत मी उत्तर येत असून हात वर करायचे नाही. घरीही तसंच. आणि माझ्या त्या न बोलण्यावर घरातल्यांनी हळूहळू बरंच काही बांधून ठेवलं होतं. मीही बांधू दिलं होतं.

त्याच दुपारी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले तर आई ओट्याचा एक कोपरा लिंबाच्या सालाने घासत होती. तोच कोपरा, जिथे आत्या कांदा फोडायची. घासता घासता पुटपुटत होती. "शालूताई, पुरे करा आता. पोराचा संसार आहे." मी दारातूनच मागे फिरले. आईला काय वाटत होतं ते मला कळलं. मला स्वतःला तसं मानायचं नव्हतं — अजूनही मानत नाही. पण आईला बाजूला बसवून सरळ विचारणं, हेही झालं नाही. ओटा चकचकीत होता. वहिनीशी मात्र आई दोन दिवस तुटकच वागली, आणि वहिनी न केलेल्या गुन्ह्याची भरपाई म्हणून पहाटे उठून सगळ्यांची कामं करत राहिली.

माझ्यापुरतं मी एक कारण शोधलं होतं. मनात अपराधीपणा असला की मेंदू नसलेले वास निर्माण करू शकतो. ठीक. पण मग त्या दोन काकांचं काय? बावणे सरांचं काय? वहिनीला तर कांदा आणि दादा यांचा संबंधच माहीत नव्हता, आणि तिने "बुक्कीने फोडलेला" असं ओळखून सांगितलं होतं.

दुसरा सराव पुढच्या शनिवारी. खाली गेल्यावर दोन-तीन मिनिटांत वास आला. या वेळी मी हलले नाही. दात रेग्युलेटरवर घट्ट आवळून बसून राहिले. सर एकेकाकडे बोट करून "ठीक?" ची खूण करत होते. मी वर्तुळ दाखवलं. वहिनीने दोन्ही हातांनी दाखवलं, उत्साहात. मग दादा.

दादाने काहीच दाखवलं नाही.

त्याचे डोळे उघडे होते. सरांच्या दिशेने होते, पण सरांवर नव्हते. बुडबुडे नियमित सुटत होते. उजव्या हाताचा अंगठा बाकीच्या बोटांवर घासत होता, सारखा, जपमाळ ओढावी तसा. मी बुडबुडे मोजले. एक, दोन, तीन... सहा. मग त्याने पापण्या मिटल्या, उघडल्या आणि वर्तुळ दाखवलं. आणि त्याच क्षणी माझ्या मास्कमधला वास गेला. विरला नाही, गेला.

वर आल्यावर सर ओरडले, "अनिकेत, पाण्यात झोपायचं नाही बाबा!"

"मी? कधी?" दादा खरोखरच गोंधळला होता.

"ऑफिसची झोप इथे काढतोय," वहिनी म्हणाली, आणि त्याच्या डोक्यावर पाणी उडवलं. सगळे हसले. तोही हसला.

ते डोळे मी ओळखत होते. आठ वर्षांची असताना, आत्याने हाक मारायच्या आधीचे जे काही सेकंद असायचे, त्यातले ते डोळे. मग मला गेल्या काही महिन्यांतलं एकेक आठवायला लागलं. चहाचा कप हातात धरून थांबलेला दादा. मी विचारलेला प्रश्न दोनदा विचारावा लागला ते. आम्ही त्याला "फोनमध्ये घुसलेला असतो" म्हणायचो... तेव्हा त्याच्या हातात फोन होता का, ते कोणी पाहिलं होतं?

पुढचे आठ दिवस मी नीट जेवले नाही. वहिनीला मेसेज लिहिला, पुसला. डायव्हिंग सेंटरला ईमेल लिहिला, ड्राफ्टमध्ये ठेवला. दादाला पुन्हा सांगायला गेले, तो मिटिंगमध्ये होता, मग जेवत होता, मग वहिनी शेजारी होती. प्रत्येक वेळी कारण अगदी खरं होतं. वहिनी मात्र रोज नवीन मासा दाखवायची. "हा बघ, पोपटमासा. पोवळं कुरतडून खातो. आपल्याला दिसेल का गं?" मी मान हलवायची. तिचा माझ्यावर पूर्ण विश्वास होता, आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

नंतर काय झालं ते आधी सांगते, कारण ते सांगणं सोपं आहे. ट्रिप झाली नाही. दादाच्या तपासण्या झाल्या, डॉक्टर म्हणाले ते काही सेकंदांचं हरवणं म्हणजेही फिट, आणि ते बहुधा बऱ्याच महिन्यांपासून चालू असावं. समुद्रात जाऊ दिलं नसतंच, गाडी चालवणंही बंद केलं. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. वहिनी तीन आठवडे नाशिकला जाऊन राहिली. परत आली, पण बाबांशी अजून कामापुरतंच बोलते. दादाचं आणि तिचं काय चाललंय ते त्यांचं ते. माझ्याशी ती बोलते, पूर्वीपेक्षा कमी. एकदा म्हणाली, "बायोडाटापण तूच टाइप केला होतास ना?" मी हो म्हणाले.

वास पुन्हा कधी आला नाही. आईला ते कोण होतं याची खात्री आहे. दादाला हे सगळं मी सांगितलं तेव्हा तो फक्त म्हणाला, "मला कधीच आला नाही." पाण्याखाली, बंद मास्कमध्ये वास कसा येतो, तो तिऱ्हाईत माणसांना कसा येतो, आणि ज्याच्यासाठी यायचा त्यालाच कसा येत नाही, याचं उत्तर तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर जरूर सांगा. पण "योगायोग" म्हणू नका. तो शब्द मी वापरून झालाय.

आता तो रविवार.

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा, सकाळचे अकरा. अंदमानच्या सेंटरमधून व्हिडिओ कॉल होता. तिथली इन्स्ट्रक्टर, साधारण माझ्याच वयाची मुलगी, मागे निळं पाणी आणि वाळत टाकलेले ओले सूट. आमच्याकडे टेबलावर लॅपटॉप. मधे वहिनी, तिच्या एका बाजूला दादा, दुसऱ्या बाजूला मी. मागे बाबा पेपर घेऊन, स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत आई.

"फॉर्म्स मिल गए," ती मुलगी म्हणाली. "सबका सब 'नो' है, तो डॉक्टर का सर्टिफिकेट नहीं लगेगा. बस एक बार तीनों बोल दो कि जानकारी सही है. हम रेकॉर्ड कर लेते हैं. अनिकेत?"

"येस. करेक्ट," दादा म्हणाला. माझ्याकडे न बघता.

"तेजश्री?"

"एकदम करेक्ट!" वहिनी म्हणाली, आणि टेबलाखाली तिने माझा हात दाबला.

"रेवा?"

मी वासाची वाट पाहिली. खरंच पाहिली. मनात म्हणत होते, आता येऊ दे. आता आला तर वहिनी विचारेल, आई ओरडेल, काहीतरी होईल आणि मला बोलावं लागणार नाही. मी खोल श्वास घेतला. स्वयंपाकघरातून वरणाच्या फोडणीचा वास येत होता, हिंग आणि मोहरी. दुसरं काही नाही. घर नेहमीसारखं स्वच्छ होतं. पुन्हा श्वास घेतला. काही नाही.

"रेवा? आवाज़ आ रही है?"

"हो म्हण ना वं," आई दारातून म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. दादाने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

मी वहिनीचा हात सोडला नाही. लॅपटॉपकडे बघायचं सोडून तिच्याकडे वळले. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला, बाबांचा पेपर खाली आला इतका.

"करेक्ट नाहीये. वहिनी, दादाला फिट्स यायच्या, आणि मागच्या शनिवारी पाण्याखालीही आली, मी पाहिलंय. त्याच्या फॉर्मवर 'नो' मी केलं... तू शेजारी बसली होतीस म्हणून."